वन्सं, अण्णा आणि भूमध्य समुद्र

लहान जागेचे जास्त पैसे मोजायची सवय मुंबईनं आपल्याला कधीच लावून ठेवलेली आहे. त्यामुळे ‘आमचं जहाज लहान आहे, म्हणून महाग आहे’ असं एखादी क्रूझ कंपनी बेधडक सांगते, तेव्हा मराठी माणसाला त्यात खटकण्यासारखं काही वाटत नाही. मोठ्या जहाजावर पाच-सहा हजार माणसं, पाण्याच्या घसरगुंड्या, कसिनो, नाचगाणी. आणि एवढं सगळं असून तिकीट स्वस्त. लहान जहाजावर शंभर-सव्वाशे माणसं, घसरगुंडी नाही, जुगार नाही, संध्याकाळी दिवाणखान्यात इतिहासाचं व्याख्यान. आणि तिकिटाचा आकडा असा, की नवऱ्यानं तो मला फोनवर सांगितला नाही. घरी येऊन, पाणी पिऊन, बसून सांगितला.

लहान जहाजाचं खरं भांडवल म्हणजे ते कुठंही शिरतं. व्हेनिसनं ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना शहराच्या तोंडासमोरून जायला मनाई केली. अमाल्फीला बड्या जहाजांना टेकायला धक्काच नाही. ती बापडी लांब नांगर टाकून उभी राहतात आणि होड्या भरभरून माणसं गावात आणून ओततात. आमचं जहाज जमेल तिथं धक्क्याला लागायचं, नाही जमलं तर रबरी होड्या निघायच्या. त्या होडीत वन्संना उतरवायला दोन खलाशी, अण्णा आणि पांडुरंग असे चौघं लागायचे.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. दिलेल्या कोल्हापुरात. सासर तांबड्या-पांढऱ्यातलं, आणि यांनी चाळिशीत माळ घातली. अण्णा त्यांचे यजमान. एकानं पुण्य कमावलं की दुसऱ्यानं खायला हरकत नाही, अशी त्यांच्या संसाराची वाटणी आहे आणि ती उत्तम चाललेली आहे. इटलीच्या किनाऱ्यानं इतिहास, संस्कृती आणि खाद्यपदार्थ असा कार्यक्रम असल्याचं कळल्यावर अण्णांनी पहिले दोन विषय आम्हाला देऊन टाकले.

निघालो चिवितावेक्कियाहून. हे रोमचं बंदर. सम्राट त्राजाननं बांधून घेतलेलं. फ्रेंच कादंबरीकार स्तांदाल १८३१ पासून इथं कॉन्सुल होता आणि गावाला विटला होता. त्याच्या मताशी आम्ही दुपारच्या जेवणाआधीच सहमत झालो.

जहाजावरचं व्याख्यान रोज संध्याकाळी, जेवणाआधी. व्याख्याते निवृत्त प्राध्यापक आणि सगळा बाज थेट कीर्तनाचा. पूर्वरंगात वारे, प्रवाह, व्यापार वगैरे तत्त्वाचा भाग. उत्तररंगात टायबेरियस किंवा आर्किमिडीजचं आख्यान. मध्ये घोटभर पाणी, आणि आरतीच्या ठिकाणी जेवणाची घंटा. श्रोतेही तसेच. पुढच्या रांगेत मान डोलावणारे, मागच्या रांगेत मान टाकलेले. एक अमेरिकन गृहस्थ प्रश्न विचारण्याच्या मिषानं रोज स्वतःचं छोटं व्याख्यान उरकून घ्यायचे. मोठ्या जहाजावर अशा माणसाला चुकवता येतं. इथं तो नाश्त्याला शेजारी, जिन्यात समोर आणि रबरी होडीत मांडीला मांडी लावून. लहान जहाजाची जाहिरात करणारे त्याला ‘आपुलकीचं वातावरण’ म्हणतात.

पण त्या व्याख्यानानं एका संध्याकाळी अण्णांना खडबडून जागं केलं. प्राध्यापक पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वाटाड्या-पुस्तकाबद्दल सांगत होते. ‘पेरिप्लस’. त्यात पैठणचे गोमेद आणि तेरचं सुती कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात यायचं असं लिहिलेलं आहे, कल्याण आणि सोपारा आहेत, आणि बदल्यात रोमन जहाजं काय आणायची त्या यादीत दारू आहे. त्यातही पसंती इटलीच्या दारूला. शिवाय थोरल्या प्लिनीची तक्रार: हिंदुस्थान दर वर्षी निदान पाच कोटी सेस्टर्स आमच्याकडून ओढून नेतो. तक्रारीचा सूर बायकोच्या खरेदीचं बिल हातात धरलेल्या नवऱ्याचा. आणि खरेदीही तशीच, मिरी, मोती, तलम कापड. अण्णांनी एवढंच ध्यानात ठेवलं की इटलीची दारू मागवणं ही आपली दोन हजार वर्षांची रीत आहे. त्या रात्रीपासून ते पेला परंपरा म्हणून उचलायला लागले.

लहान जहाजावर कॅप्टनच्या खोलीत कुणीही जाऊन डोकवावं अशी मुभा असते. मंडळी तिथं जाऊन तारे, होकायंत्र, रडार याविषयी अदबीनं विचारत. अण्णांनी सगळ्या यंत्रांवरून एक नजर फिरवली आणि नवऱ्याला सांगितलं, “विचार त्याला, ॲव्हरेज किती देतंय?” नवऱ्यानं जमेल तसं इंग्रजी केलं. कॅप्टन गंभीर झाला. म्हणाला, ते समुद्रावर अवलंबून आहे, वाऱ्यावर आहे, वेगावर आहे. अण्णा म्हणाले, “समदे ड्रायव्हर हेच सांगत्यात.”

आता मुख्य विषय. जहाजाच्या मुदपाकखान्याला वन्संची वर्दी आधीच दिलेली होती: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही. इटालियन आचाऱ्याला यातलं मांस लगेच समजतं. माशांचं मात्र त्याच्या मनात पक्कं बसत नाही. अँचोवी नावाचा बोटभर खारवलेला मासा त्यांच्याकडं मिठाच्या खात्यात जमा असतो. तेलात विरघळतो, दिसत नाही, आणि न दिसणारी गोष्ट मोजायची कशाला असा त्यांचा सरळ हिशोब. पहिल्याच रात्री नुसती ब्रोकोली म्हणून आलेली भाजी वन्संनी नाकाशी नेली आणि खाली ठेवली. “बोंबील,” त्या म्हणाल्या. जात चुकली, पण निदान बरोबर होतं.

मग आचारी स्वतः भेटायला आला. पोट मोठं, मिशी बारीक, हातवारे ऐसपैस. चीज चालेल ना, त्यानं विचारलं. वन्सं म्हणाल्या, दुधाचं आहे तर चालेल, पण आणखी काय घालतात? आचाऱ्याचे डोळे लकाकले. पार्मिजानो चीजबद्दल जन्मात कुणी त्याला इतका रास्त प्रश्न विचारलेला नसावा. तीनच जिनसा, तो तीन बोटं उभारून म्हणाला. दूध. मीठ. आणि तिसरी जिन्नस सांगताना शब्द सापडेना म्हणून त्यानं कपाळाला दोन बोटांची शिंगं लावली, हात गुडघ्याइतका खाली नेऊन वासराची उंची दाखवली आणि मग अत्यंत प्रेमानं स्वतःचं पोट थोपटलं. वासराच्या जठरातलं रेनेट. त्याशिवाय दूध विरजायचं कसं? वन्सं वारीला चालत जाणाऱ्या बाई, चेहरा हलला नाही. “त्यांना सांग,” त्या मला म्हणाल्या, “चीज नको. आणि पोटाला हात लावून खरं सांगितलंत म्हणून आभार.”

हा प्रसंग घडला म्हणून बरं झालं. कारण नेपल्सला उतरल्यावर आम्ही सगळे राणीच्या नावाच्या मार्गेरिता पिझ्झावर तुटून पडलो. १८८९ मध्ये राफाएले एस्पोझितो नावाच्या पिझ्झेवाल्यानं राणीसाठी तिरंगी पिझ्झा केला आणि दरबारातून पसंतीचं पत्र आलं, अशी कथा प्रत्येक दुकानदार सांगतो. ते पत्र खरं की बनावट यावर अभ्यासक भांडतात. आणि भांडण चालू असताना पिझ्झा खपत राहतो. वन्संच्या वाट्याला आला मारिनारा. नावातच समुद्र असल्यामुळे त्यांनी तो आधी सुरीनं उलटापालटा करून तपासला. मासा नाही, चीज नाही. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. खलाशांचा गरिबीतला खाऊ. कडा भट्टीत करपून फुगलेल्या, मधला भाग इतका पातळ आणि ओला की हातात धरला तर मान टाकतो. त्या टोमॅटोला जी चव होती ती आमच्या तिघांच्या पिझ्झ्यांवर चीजखाली दबून गेलेली. आम्ही एकेक घास मागितला. वन्संनी दिला नाही.

त्या रात्री प्राध्यापकांनी टोमॅटोचं आख्यान लावलं. टोमॅटो अमेरिकेतून आला आणि इटालियनांनी त्याला बराच काळ ताटाजवळ फिरकू दिलं नाही. सतराव्या शतकाच्या शेवटी नेपल्समध्ये अंतोनियो लातीनी नावाच्या कारभाऱ्यानं पाककृतींचं पुस्तक छापलं, त्यात पहिल्यांदा टोमॅटोचा सॉस सापडतो. कृती अशी: टोमॅटो निखाऱ्यावर भाजा, साल काढा, बारीक करा, कांदा आणि मिरची घाला, मीठ, तेल, थोडं व्हिनेगर. आणि नाव काय, तर ‘स्पॅनिश पद्धतीचा’. सगळ्या सभागृहानं हे वहीत टिपून घेतलं. वन्संनी मला कोपरानं ढोसलं. “अगं, हा तर आपला ठेचा. याला पुस्तक कशाला?”

दोनच दिवसांत एकादशी आली. पुन्हा आचारी, पुन्हा हातवारे. भात नाही, गहू नाही, पण बटाटा चालतो, शेंगदाणा चालतो, मिरची चालते. आमच्याबरोबर साबुदाण्याची पिशवी होतीच. प्राध्यापक शेजारच्या टेबलावरून ऐकत होते. त्यांनी हसत सांगितलं, की यातलं सगळंच, साबुदाण्याच्या कंदासकट, कोलंबसानंतर अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या जहाजांनी वगैरे तुमच्याकडं आलं. मिरची गोव्याच्या बंदरातून. म्हणजे तुमचा पवित्र उपास अमेरिकन आहे. मी घाबरत घाबरत भाषांतर केलं. वन्सं खिचडी ढवळत म्हणाल्या, “विठोबा अठ्ठावीस युगं उभा आहे म्हणावं. कोलंबसालाही जाता-येता बघितलं असेल त्यानं. त्याची हरकत नाही, मग यांची काय आहे?” प्राध्यापकांनी एक वाटी खिचडी मागून घेतली. अमेरिकन गृहस्थांनीही घेतली, आणि त्यावर पाच मिनिटं बोलले.

पाँपेईबद्दल मी फार लिहीत नाही. ते इतक्या जणांनी लिहिलंय की व्हेसुव्हियसच्या राखेपेक्षा कागदाचा थर जाड असेल. अण्णांनी तिथलं एकच ठिकाण मन लावून पाहिलं: रस्त्यावरच्या खानावळीचा दगडी ओटा, त्यात पुरलेल्या रांजणांची तोंडं. २०२० मध्ये अशा एका ओट्याच्या रांजणांतून बदक, डुक्कर, बकरं, मासे, गोगलगाई यांचे अवशेष निघाले. “एकाच हंड्यात बदक आन् गोगलगाय?” अण्णा म्हणाले. “मग ज्वालामुखी फुटनार न्हाय तर काय.”

खरी गंमत नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात झाली. पाँपेईत १९३८ मध्ये उत्खननात एक हस्तिदंती मूर्ती मिळाली, ‘पाँपेईची लक्ष्मी’. आपल्याकडची. वीतभरापेक्षा थोडी उंच. ही सन ७९ च्या आधीच तिथं पोचलेली होती, म्हणजे पर्यटनात ती आमच्यापेक्षा बरीच ज्येष्ठ. वन्संनी त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसली आणि कुंकवाची डबी बरोबर घेतली. लक्ष्मी कुठल्या दालनात आहे हे त्यांना आधी सांगायची हिंमत कुणालाच झाली नाही. संग्रहालयाचं एक ‘गुप्त दालन’ आहे. पाँपेईच्या भिंतींवरची आणि घरांतली जी शिल्पं-चित्रं चारचौघांत मांडता येत नाहीत ती सगळी तिथं कोंडलेली. सर्वांना खुलं झालं ते २००० मध्ये. चौदा वर्षांखालच्या मुलांना अजून मोठ्या माणसाबरोबरच सोडतात. या दालनातून वन्सं नजर जमिनीवर रोवून, माझा दंड घट्ट धरून चालत गेल्या. जमिनीवरही मोझेक असू शकतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

लक्ष्मी मात्र ठसठशीत. गळ्यात, हातात, पायांत भरपूर दागिने, शेजारी दोन चिमुकल्या दासी. वस्त्रांचा मात्र दुष्काळ. जाणकारांच्या मते ती बहुधा लक्ष्मी नव्हेच, यक्षी असावी. आरशाची मूठ किंवा एखाद्या मेजाचा पाय म्हणून वापरलेली. आणि डेक्कन कॉलेजच्या म. के. ढवळीकरांनी दाखवून दिलं की अगदी तिच्यासारख्या मूर्ती जालना जिल्ह्यात भोकरदनला सापडलेल्या आहेत, तेव्हा तिचं माहेर तेच असावं. हे ऐकल्यावर वन्संनी मान वर केली.

“भोकरदनची? आमची धाकटी जाऊ तिथलीच.” मग काचेजवळ जाऊन निरखून बघत, “एवढ्या लांब पाठवली पोरीला, आणि ठेवली कुठं, तर असल्या शेजारात! निदान अंगभर काही नेसवायचं.” कुंकवाची डबी काचेशी टेकवून त्यांनी परत पिशवीत ठेवली. राखणदार बघत होता, पण त्या खोलीत लोकांना नाना तऱ्हेनं वागताना बघायची त्याला सवय असणार.

काप्रीच्या निळ्या गुहेचं तोंड इतकं बुटकं आहे की वल्ह्याच्या होडीत उताणं पडून आत जावं लागतं. “उताणी होऊन मी देवळातसुद्धा जायची नाही,” असं म्हणून वन्संनी ती पाहिली नाही. आम्ही पाहिली. निळी आहे.

अमाल्फी आज पर्यटकांनी फुललेलं, उतारावर लोंबकळणारं चिमुकलं गाव. पण एके काळी व्हेनिस, जिनोआ, पिसा यांच्या पंक्तीला बसणारं समुद्री राज्य. इटलीच्या नौदलाच्या झेंड्यावर चौघांची चिन्हं अजून आहेत. १३४३ च्या वादळात बंदर आणि खालचं अर्धं गाव समुद्रात गेलं आणि राज्याची उरलीसुरली ऐट संपली. चौकात एक उंच पुतळा: फ्लाव्हियो जोया, होकायंत्राचा जनक. अण्णांनी शेजारी उभं राहून छातीवर हात बांधून फोटो काढून घेतला. मग प्राध्यापक म्हणाले, की हा माणूस बहुधा झालाच नाही. जुन्या लॅटिन मजकुरातला एक स्वल्पविराम चुकीच्या जागी वाचला गेला आणि फ्लाव्हियोचा जन्म झाला. अण्णांना काही वाटलं नाही. आपल्याकडं काही न केलेल्यांचे पुतळे असतात; इथं थोडं पुढं गेलेत, एवढंच त्यांचं मत.

शेजारच्या चेतारा गावात कोलातुरा नावाचा अर्क मिळतो. अँचोवी मिठाबरोबर लाकडी पिंपात थर लावून दडपायच्या, वर दगड ठेवायचा, आणि महिनोन्‌महिन्यांनी तळातून थेंब थेंब जे गळतं ते बाटलीत भरून सोन्याच्या भावानं विकायचं. रोमन लोक ज्या माशाच्या रसासाठी वेडे होते त्या गारुमचा हा वंशज. विक्रेत्यानं चमचाभर पुढं केला. मी कोकणातली, सुक्या मासळीच्या बाजारात वाढलेली. मला बाटली विकत घ्यावीशी वाटली. वन्संनी फक्त माझ्याकडं पाहिलं. घेतली नाही.

पाएस्तुमला पोचेपर्यंत इतिहासाचं ओझं जरा जास्तच झालं होतं. इथली ग्रीक देवळं मात्र ओझं वाटत नाहीत. सपाट गवतात तीन देवळं, अडीच हजार वर्षं उभी, आणि माणसाला बसायला सावली. गावाचं मूळ ग्रीक नाव पोसिदोनिया, समुद्रदेव पोसायडनवरून. सगळ्यात धडधाकट देवळाला नेपच्यूनचं, म्हणजे पोसायडनचंच, म्हणतात, पण ते त्याचं नसावं असं आता मानतात. हे ऐकून अण्णा, जे आतापर्यंत सावलीत झोपलेले होते, उठून बसले.

“पोसायडन? हातात त्रिशूळ घेत्यात तो? आमच्या टाउन हॉलात हाय की.”

अमेरिकन गृहस्थ दयार्द्र हसले. प्राध्यापक मात्र हसले नाहीत. कोल्हापूरला पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात रोमन बनावटीची ब्राँझची पोसायडनची मूर्ती सापडली हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे हेही. लहानपणी दुपारच्या उन्हातून सुटका म्हणून त्या म्युझियममध्ये जाऊन बसणाऱ्या अण्णांना ते दोन हजार वर्षांच्या व्यापाराचे साक्षीदार म्हणाले आणि हात मिळवला. अण्णांनी निर्णय दिला: “सोताच्या नावाच्या गावात देऊळ न्हाय, आन् कोल्हापुरात मूर्ती हाय. देवाला बी कळतंय कुठं ऱ्हावं.”

पण त्यांचं तीर्थक्षेत्र पुढंच होतं. पाएस्तुमच्या आसपास म्हशींचे गोठे आहेत. मोझारेला त्यांच्याच दुधाची. जर्मन कवी गटे १७८७ मध्ये इथं आला तेव्हाही दलदलीत म्हशी होत्या. आता दलदल गेली, म्हशी स्वच्छ गोठ्यात उभ्या आहेत, आणि एका खांबाला फिरता ब्रश लावलेला. म्हैस जवळ गेली की तो आपोआप सुरू होतो आणि तिची पाठ घासतो. एक म्हैस डोळे मिटून पाठ घासून घेत होती आणि मागं दोघी नंबर लावून उभ्या. अण्णा त्या रांगेसमोर इतका वेळ उभे राहिले की त्यांचाही नंबर येतो की काय असं वाटलं. शिंगं बघितली. “आखूड. पंढरपुरी न्हवं.” कास बघितली, मान डोलावली. मग त्यांनी गाइडला गंगावेशीतल्या दूधकट्ट्याची माहिती दिली: म्हैस समोर, धार गिऱ्हाइकादेखत, फेसासकट पेला तोंडाला. गाइडला हा रोमन प्रकार वाटला. तिनं तो कुठल्या शतकातला म्हणून विचारलं.

सिसिलीकडं जाताना रात्री स्ट्रॉम्बोली लागतो. दर दहा-वीस मिनिटांनी फुटणारा ज्वालामुखी, खलाशांचा नैसर्गिक दीपस्तंभ. सगळं जहाज डेकवर कॅमेरे रोखून. तो फुटला तो आम्ही पुढ्यातल्या वाट्यांकडं बघत असताना. पुन्हा रोखले, पुन्हा तेच. वाट्यांत पास्ता होता आणि तो गार होऊ देणं इटालियन वाढप्याच्या डोळ्यांदेखत शक्य नव्हतं. पास्ता मार्को पोलोनं चीनहून आणला ही गोष्ट खोटी. तो यायच्या कितीतरी आधी, ११५४ मध्ये, पालेर्मोच्या राजा रॉजरच्या दरबारातल्या अल-इद्रिसीनं लिहून ठेवलंय की त्राबिया गावात शेवया बनतात आणि जहाजं भरभरून परदेशी जातात. प्राध्यापक हे सांगत असताना तिसऱ्यांदा आकाश लाल झालं. या खेपेला एकट्या वन्संनी पाहिलं. त्या पास्ता खात नव्हत्या.

मेसिनाच्या सामुद्रधुनीत होमरच्या दोन राक्षसिणी राहतात असं मानतात, स्किला आणि कॅरिब्डिस. आमच्या वेळी त्या दोघी सुट्टीवर असाव्यात. सिराकुझाला अथेनाचं देऊळ होतं. त्याचे दगडी खांब तसेच ठेवून मधल्या फटी बुजवल्या आणि त्याचं कॅथेड्रल झालं. भिंतीतून ते जाडजूड खांब अजून पोट बाहेर काढून उभे आहेत. भाडेकरू बदलला, इमारत तीच. वन्संना हे देऊळ सगळ्यात पटलं. आत बाकावर बसून त्यांनी हरिपाठ म्हटला. कुणी हरकत घेतली नाही.

तिथल्या बाजारातून अण्णांनी मोझारेलाचा गोळा घेतला, पाण्यासकट पिशवीत, घरी न्यायला. परतीच्या विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावर तो अडकला. शंभर मिलिलिटरच्या वर पाणी तिथं चालत नव्हतं. पाणी ओतलं तर चीज सुकेल. टाकून देणं अण्णांना शक्य नव्हतं, कारण ती म्हैस त्यांनी पाहिलेली होती, निदान तिच्या नात्यातली. ते बाजूला सरकले, पिशवी फोडली आणि उभ्याउभ्या खायला लागले. वन्संनी पर्समधून कांदा-लसणीच्या चटणीची पुडी काढून पुढं केली. स्वतः खायची नाही म्हणून काय झालं, नवऱ्यानं अळणी खावं? पांढरा गोळा, वर लाल चटणी. तपासणीच्या बाईनं ओठ आवळले. मग तिनं एका बोटानं चटणी चाखली, आवंढा गिळला, आणि पुडीकडं बोट दाखवत विचारलं, यात काय आहे? मी सांगायच्या आत अण्णांनी अर्धा गोळा तोडून तिच्यापुढं धरला होता. तिनं पलीकडच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याला हाक मारली. पट्टा थांबला, आणि मागं रांगेत अमेरिकन गृहस्थ या विषयावर बोलायला लागले.